नाताळच्या दिवशी पाहुणीला आपल्या ओट्याशी उभं राहू द्यावं का?

मागचं_अंगण (पुणे), २ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

मॉडेल कॉलनीत आमचा जुना बंगला आहे. मुलं बाहेरगावी गेल्यापासून वरच्या दोन खोल्या आम्ही नाश्त्यासकट पाहुण्यांना देतो. याला आता नऊ वर्षं झाली. अय्यंगारांची योगसंस्था पायी जाण्याइतकी जवळ, त्यामुळे बहुतेक पाहुणे म्हणजे तिथे महिना-दोन महिने शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी. पोहे, उपमा, थालीपीठ, घावन हा नाश्ता. कुणी सांगितलं तर रात्री वरण-भात-भाजी. घरात मी, माझे यजमान आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. स्वयंपाकघर शाकाहारी आहे, अंडंसुद्धा येत नाही. हे खोली ठरवतानाच आम्ही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटाहून आलेली एक मुलगी आमच्याकडे दोन महिने राहिली होती. आता तिचे आईवडील येतायत, १९ डिसेंबर ते ३ जानेवारी. वडील मूळचे शेजारच्या त्रिनिदाद बेटाचे, त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला इकडून गेलेले. आई टोबॅगोची, ख्रिस्ती. समुद्रकाठी चार खोल्यांचं घरगुती गेस्टहाउस त्यांनी ३१ वर्षं चालवलं आणि यंदा मुलाच्या हाती दिलं. म्हणजे ३१ नाताळ या बाईंनी दुसऱ्यांच्या ताटात वाढण्यात घालवलेत.

त्यांनी मला लिहिलंय, ते जवळजवळ जसंच्या तसं सांगते. "लग्नानंतर पहिल्यांदाच नाताळला मी पाहुणी असेन. २४ तारखेला रिकाम्या हातांनी कसं बसायचं हे मला ठाऊक नाही. तुमच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा मिळेल का?" केकसाठीची फळं त्यांनी ऑगस्टपासून रममध्ये मुरत घातली आहेत आणि ती बरणी त्या सामानात घेऊन येणार आहेत. केकला अंडी लागणार, हेही त्यांनी मोकळेपणाने कळवलंय.

मला वाटलं होतं, सासूबाई अंड्यावर आणि रमवर अडतील. त्या अडल्या वेगळ्याच ठिकाणी. "माणूस समुद्र ओलांडून आपल्या दारी येणार, आणि आपण तिच्या हाती झारा देणार? मग घरी बोलावलं कशाला?" अंड्याचं काहीतरी करता येईल म्हणाल्या, पण पाहुणीने राबायचं नाही.

मला दोघींचंही पटतं, म्हणून अडकले आहे. तिकडे कुणी राहिलं असेल तर सांगा: नाताळला त्या लोकांच्या घरात नेमकं काय चालतं? इथे त्यांना कशाची उणीव भासेल? आणि आमच्या घरात त्यातलं काय होण्यासारखं आहे?

कूव्हाचा_पाहुणा, २ डिसेंबर

तुमच्या पाहुणीचं पत्र वाचून मला माझी तिथली घरमालकीण आठवली. २००९ ते २०१३ मी त्रिनिदादला होतो, पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात. पहिले काही महिने जवळच्या कूव्हा गावात एका कुटुंबाच्या गेस्टहाउसमध्ये राहिलो.

पहिल्या डिसेंबरात एके दिवशी कामावरून परतलो तर घरातले सगळे पडदे उतरवलेले, खुर्च्या अंगणात आणि मालक त्यांना पॉलिश करतायत. तिथे नाताळाआधी घर असं उलटंपालटं करतात, आपल्या दिवाळीच्या आवराआवरीसारखं. नवे पडदे मात्र लावायचे ते २४ च्या रात्री. त्या रात्री मी बाजूने माझ्या खोलीकडे निघालो होतो. बाईंनी हाक मारली आणि पडद्यांच्या आकड्यांची पिशवी माझ्या हातात ठेवली. शिडीवर चढून मी अकरा पडदे लावले. तोवर चार महिने मी त्यांचा भाडेकरू होतो आणि काय खाणार हे रोज विचारलं जायचं. दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं, ताट थेट समोर येऊ लागलं. तुमच्या सासूबाईंना माझ्यातर्फे एवढं सांगा की ती पिशवी हातात आली त्याचा मला आजही आनंद वाटतो.

आता खाण्याचं. काळा केक हा त्या सणाचा जीव. मनुका, प्रून, चेरी वाटून रम आणि चेरी ब्रँडीत महिनोन्महिने मुरवतात, कुणाकडे तर वर्षभर. काळा रंग येतो जाळलेल्या साखरेचा. त्याच्याबरोबर सॉरेल नावाचं लालभडक सरबत. पहिल्या घोटाला मला वाटलं, ही चव ओळखीची आहे. सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी! तिची बोंडं लवंग, दालचिनी, आलं घालून उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी गाळून साखर घालायची. मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे आजी बोंडांची चटणी आणि सरबत करायची, त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ती चव लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

पास्तेल नावाचा एक प्रकार असतो. मक्याच्या पिठाची पातळ पारी केळीच्या पानावर थापायची, आत सारण भरायचं, पान दुमडून दोऱ्याने बांधायचं आणि वाफवायचं. आपल्या पानगीची लांबची बहीण म्हणा. सारण सहसा मांसाचं, पण माझ्यासाठी बेदाणे आणि ऑलिव्ह घालून कडधान्याचं केलेलं असे.

बाईंना सगळ्यात जास्त उणीव भासेल ती मात्र दार ठोठावण्याची. त्रिनिदादमध्ये नाताळाच्या आधीच्या रात्रींना परांग गाणारे घरोघर फिरतात. व्हेनेझुएलातून आलेली परंपरा, गाणी स्पॅनिशमध्ये, हातात क्वात्रो नावाचं चार तारांचं छोटं गिटार आणि खुळखुळे. आधी बंद दाराबाहेर गाऊन घरच्यांना जागं करायचं, आत घेतल्यावर येशूजन्माची गाणी, खाणंपिणं, आणि निघताना यजमानांचे आभार मानणारं निरोपाचं वेगळं गाणं. भोंडला करून खिरापत खाऊन पुढच्या घरी निघालेल्या मुली आठवल्या मला. रात्रीचे दोन वाजले तरी दार उघडायचं आणि घरात असेल ते पुढे करायचं. टोबॅगोत हे कितपत चालतं मी पाहिलेलं नाही, पण नाताळला न सांगता माणसं येणार हे दोन्हीकडे गृहीत असतं. त्या बाई ३१ वर्षं त्यासाठीच रांधत असणार.

अंड्याबद्दल एक. माझ्या मालकीणबाईंचे शेजारी हिंदू. दिवाळीची तिथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे. त्या दिवशी शेजारून डबा यायचा, त्यात कुर्मा असायचा. नावावर जाऊ नका, ती पाकात घोळवलेली शंकरपाळी असते. नाताळला उलटा डबा जायचा तेव्हा त्यात केक नसे, त्या घरासाठी मुद्दाम नारळाचा गोड पाव केलेला असे. म्हणजे शेजाऱ्याचं काय चालतं आणि काय नाही, हे सांभाळायची सवय तुमच्या पाहुण्यांना जन्मापासून आहे. मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही.

स्पष्ट_बोल, ३ डिसेंबर

माझं मत थोडं वेगळं आहे. कोपरा द्या, पण आधी सगळं लिहून कळवा: अंडी कुठे फोडायची, कुठली भांडी वापरायची, मांस घरात नाही. आम्ही महाबळेश्वरला घरगुती निवास चालवतो. एकदा भिडेपोटी एका कुटुंबाला "वापरा हो स्वयंपाकघर" म्हटलं आणि नंतर आईने चार दिवस त्या ओट्यावर पाऊल ठेवलं नाही. पाहुण्यांची काही चूक नव्हती, आम्ही बोललो नव्हतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांच्या घरात त्यांना परकं वाटता कामा नये. आणि परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद २४ तासांत करायची असते, सणाच्या गडबडीत ते राहू देऊ नका.

पंचहौदकर, ३ डिसेंबर

मी गुरुवार पेठेतली, चार पिढ्या पंचहौद चर्चच्या सावलीत वाढलेलं आमचं मराठी ख्रिस्ती कुटुंब. पाहुणीबाईंना आमच्याकडे घेऊन या. पवित्र नाम देवालय १८८५ चं, घंटांचा मनोरा दुरूनच दिसतो. उपासना मराठीत असते. शब्द कळले नाहीत तरी चाली त्यांच्या ओळखीच्या निघतील, आणि त्या बेटावर सहसा न मिळणारी एक गोष्ट आमच्याकडे मिळेल: नाताळचा फराळ. आम्ही करंज्या, चिवडा, चकल्या, लाडू सगळं करतो, केकच्या शेजारी मांडतो आणि ताटं शेजारीपाजारी पाठवतो. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असेल तर पुन्हा लावा, आमच्याकडे चांदणी तशीच टांगतात.

केकचा प्रश्न सोपा आहे. लहानपणी दिवाळीला नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत भाजायला नेत होतात ना? आम्ही केकचं मिश्रण आजही तसंच नेतो. अंडी मागच्या पडवीत फेटा, टिन बेकरीच्या भट्टीत जाऊ दे. तुमचा ओटा जसा आहे तसा राहील.

सासूबाईंना आणखी एक सांगा. १८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली, त्यावरून शहर केवढं पेटलं आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. त्याच पुण्यात आज एक आजी म्हणतायत, "अंड्याचं बघू, पाहुणीला त्रास नको." मला हे वाचून फार बरं वाटलं.

मंडईजवळची, ४ डिसेंबर

डिसेंबरात तुरीच्या ओल्या शेंगा भरपूर येतात. तिकडेही हाच मोसम आहे, जमैकात तर नाताळचा भात नारळाच्या दुधात ओले तुरीचे दाणे घालूनच होतो. तो तुमच्या ओट्यावर बिनघोर शिजेल. अंबाडीची बोंडं ताजी मिळाली नाहीत तर विदर्भातल्या कुणाकडून वाळवलेली मागवा. सरबताला तीही चालतात.

मागचं_अंगण, ५ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाहुणे परवा गेले. तुम्ही एवढं सांगितलंत, म्हणून पुढे काय झालं ते लिहायलाच हवं.

स्पष्ट_बोल यांचं ऐकून मी सगळं आधी लिहून कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: "माझ्या घरात मीही पाहुण्यांना असंच सांगायचे." पडदे-शिडीची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे, पण एकटीने नाही करायचं. मी शेजारी बसणार." पहिल्याच दिवशी पाहुणीच्या यजमानांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि "आजी" म्हणाले. आम्हाला वाटलं, मुलीने शिकवून पाठवलंय. तसं नव्हतं. त्यांच्या घरी वडिलांच्या आईला आजीच म्हणत. त्यानंतर सासूबाईंचा विरोध असा उरलाच नाही. (ते १९७१ मध्ये लहान होते, गावसकर आणि सरदेसाई त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर पाहिलेत. गावसकरच्या त्या मालिकेतल्या ७७४ धावांवर ते आणि आमचे हे रोज संध्याकाळी बसायचे.)

२३ तारखेला पडवीत शेगडी मांडली. एका बाजूला पाहुणी, दुसऱ्या बाजूला स्टुलावर सासूबाई, मांडीवर तुरीच्या शेंगांची परात. पाहुणीने जाड बुडाच्या कढईत साखर टाकली. ती विरघळली, सोनेरी झाली, मग चहाच्या रंगाची, मग धूर निघायला लागला. सासूबाईंनी आयुष्यात हजार पाक केले असतील. त्या शेंगा टाकून उठल्या, "अगं करपली, करपली!" आणि शेगडीच्या बटणाकडे हात नेला. पाहुणीने तो हात अलगद धरला आणि स्वतःच्या हातात तसाच ठेवला. साखर काळीकुळकुळीत होऊन फुगली तेव्हा लांबून गरम पाणी ओतलं. केवढा चर्रर्र आवाज! त्यातला एक थेंब तिने बशीत काढून सासूबाईंच्या पुढे धरला. त्यांनी बोटावर घेऊन चाटला. "कडू आहे," म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण वाईट नाही."

टिन कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला. बोंडं अकोल्याहून आली, कूव्हाचा_पाहुणा यांच्या वहिनींनी पाठवली, त्यांचे किती आभार मानू! पास्तेलसाठी मक्याचं पीठ बाईंनी तिकडून आणलं होतं, आधी शिजवून केलेलं असतं ते, आपलं साधं पीठ दुमडताना फुटतं म्हणे. पानं मागच्या अंगणातल्या केळीची. सारणात तुरीचे दाणे, बेदाणे, ऑलिव्ह. पारी थापायला आमचा पुरीचा दाब वापरला.

२४ ला रात्री पंचहौदला गेलो. तिथून परतायला एक वाजून गेला होता. पंचहौदकर यांची मुलं आणि त्यांचे चार मित्र आमच्या आधीच फाटकाशी येऊन उभे होते, एक गिटार आणि एक ढोलकी घेऊन. आम्ही घरात शिरल्यावर त्यांनी दाराबाहेरून मराठी नाताळगीतं सुरू केली. पाहुणी धावत गेली, पण कडी काढली नाही. पहिलं गाणं संपेपर्यंत दाराला तळहात लावून उभी राहिली आणि मगच दार उघडलं. त्यानंतर तिला कुणी बसवू शकलं नाही. केक, सरबत, पास्तेल, वर पंचहौदच्या करंज्या, पहाटे तीनपर्यंत ती वाढत होती. सासूबाई खुर्चीत शाल घेऊन बसून होत्या, झोपायला गेल्या नाहीत.

निघताना त्यांनी बरणी आमच्याकडेच ठेवली. तळाशी पावभर फळं आहेत. त्यात दर वर्षी नवी भर घालत राहायचं, बरणी कधी रिकामी करायची नाही, असं सांगून गेल्या. स्वयंपाकघरात ती येणार नाही, ते ठरलेलंच आहे. पडवीतल्या कपाटात ठेवली. काल पाहिलं तर सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीला लावतात तशी कागदाची चिठ्ठी तिला चिकटवली होती, त्यांच्या अक्षरात: "फळे. ऑगस्टमध्ये पाहणे."