मदत हवी आहे: जीसीपी झालं, आता एथिक्स कमिटीच्या कामासाठी पुढचं प्रशिक्षण कुठलं?

नमस्कार मंडळी,

क्लिनिकल ट्रायलमध्ये स्टडी को-ऑर्डिनेटर म्हणून काम करत होते. आता एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देण्याआधी ते तपासणाऱ्या समितीच्या) सचिवालयात आले आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आधी फाईल पाठवून कमिटीच्या शंकांना वैतागायचं, आता त्या शंका मीच काढायच्या. मेंबर्सकडे प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) जाण्याआधीची पहिली छाननी माझ्याकडे असते.

जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याचे नियम) सर्टिफिकेट आहे, वेळच्या वेळी नवंही करते. पण त्या ऑनलाइन कोर्सच्या शेवटी जी परीक्षा असते ती कोर्स न वाचताही सुटते. ‘सहभागीला अभ्यासातून बाहेर पडायचं आहे, तुम्ही काय कराल?’ आणि चारपैकी तीन पर्याय इतके खलनायकी, की चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. आयसीएच ई-६ ची, म्हणजे जीसीपीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची, तिसरी आवृत्ती (आर-३) जानेवारी २०२५ मध्ये आली, तेव्हा नव्याने कोर्स केला. सर्टिफिकेटवर आर-३ आलं, माझ्या छाननीत फारसा फरक पडला नाही.

अडतं कुठे ते सांगते. मधुमेहाच्या एका अभ्यासाचा कन्सेंट फॉर्म समोर आहे. आठव्या पानावर तळाला एकच ओळ: ‘आपले नमुने भविष्यातील संशोधनासाठी वापरले जाऊ शकतात.’ बस्स. कुठलं संशोधन, किती वर्षं, नमुने कुणाच्या ताब्यात, परदेशी जाणार का, मूळ अभ्यासाला हो आणि याला नाही म्हणायची सोय आहे का, काहीच नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं प्रकरण मला माहीत आहे. मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेलं रक्त स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासात वापरलं गेलं आणि २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला तडजोड करावी लागली. त्यामुळे या ओळीवर बोट ठेवता येतं. पण संशोधकाला पत्रात नेमकं काय मागायचं? किती तपशील मागितला म्हणजे पुरे, आणि कुठल्या पुढे तो नुसता छळ?

दुसरं उदाहरण. घरगुती हिंसाचारावरचा सर्व्हे, अर्जावर संशोधकाने स्वतःच टिक केलंय, ‘जोखीम नगण्य’. सुई नाही, औषध नाही, म्हणून नगण्य. पण मुलाखतीसाठी घरी फोन जाणार आणि तो फोन भलत्यानेच उचलला तर? हे मला सुचलं ते अनुभवामुळे. असं पद्धतशीर शोधायला शिकवणारं काही आहे का?

शोधाशोध करून हाती लागलेले पर्याय: मोफत ऑनलाइन कोर्स (त्री, ग्लोबल हेल्थ नेटवर्क), सिटी प्रोग्रॅम (संशोधन-नीतीचे ऑनलाइन कोर्स), सीआयपी परीक्षा, रॅप्स या संघटनेची आरएसी परीक्षा आणि बायोएथिक्समधली मास्टर्स. पाचही ठिकाणची जाहिरात वाचली की वाटतं आपल्यासाठीच काढलंय. नोकरी सांभाळून करायचं आहे. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा, त्यानंतर तुमचं शंकापत्र बदललं का?

प्रतिसाद १

ताई, आरएसी आधी यादीतून काढा. ती रेग्युलेटरी अफेअर्सवाल्यांची परीक्षा आहे. औषधाची किंवा उपकरणाची मंजुरी, दस्तऐवज, लेबल, बाजारात आल्यानंतरच्या जबाबदाऱ्या. उत्तम आहे, पण तुमच्या टेबलावर येणाऱ्या प्रश्नांसाठी नाही. सीआयपी मात्र थेट तुमच्याच कामाची, एथिक्स कमिटी चालवणाऱ्यांसाठी. फक्त तिचा पाया अमेरिकन नियम आहेत. अमेरिकी निधीचे अभ्यास येत असतील तर जरूर करा. येत नसतील तर जे कलम कधी लावायचं नाही ते पाठ करत बसाल.

त्रीपासून सुरुवात करा. मोफत आहे, एथिक्स रिव्ह्यूवर वेगळा भाग आहे आणि काही देशांच्या कायद्यांवर स्वतंत्र भाग आहेत. सिटीचं बहुतेक संस्थेच्या वर्गणीवर चालतं, आधी ऑफिसात विचारा.

पण तुमच्या दोन्ही उदाहरणांचं उत्तर कोर्सपेक्षा सिऑम्स या वैद्यकीय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मिळेल. एकूण २५ आहेत, पीडीएफ फुकट मिळते. नमुन्यांसाठी अकरावं, डेटासाठी बारावं, जोखमीसाठी चौथं. प्रत्येक तत्त्वाखाली जे लांबलचक भाष्य आहे तेच वाचायचं. भविष्यातल्या वापरासाठी ढोबळ संमती घ्यायची तर सहभागीला काय काय सांगायला हवं, हे अकराव्याच्या भाष्यात आहे: बायोबँकेचा (नमुन्यांच्या साठ्याचा) उद्देश, साठवणीच्या अटी आणि मुदत, नमुने कुणाला मिळू शकतात, संमती मागे कशी घ्यायची. तेवढंच पत्रात मागा. संशोधक कुरकुरला तर उतारा जोडून पाठवा.

प्रतिसाद २

सर्टिफिकेट आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, म्हणजे चिडचिड कमी होते. जीसीपी दर दोन-तीन वर्षांनी करा हे ई-६ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभवाने माणूस लायक असावा, एवढंच तिथे आहे. मुदत ठरवतात स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपन्या वगैरे) आणि संस्था. ट्रान्ससेलरेट या औषध कंपन्यांच्या गटाची मान्यता असलेला कोर्स केला की बरेच स्पॉन्सर पुन्हा करायला लावत नाहीत. तो विषय तिथे संपवायचा.

प्रतिसाद ३

मी मास्टर्स केली आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. पहिलं सत्र जवळपास सगळं तत्त्वज्ञान. न्यूरेंबर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, बेलमाँट १९७९ ही संशोधन-नीतीच्या मूळ दस्तऐवजांची आरती तुम्ही जीसीपीत म्हटलीच असेल, इथे ती सावकाश आणि भांडणासकट म्हणतात. मला आवडलं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

उपयोग झाला तो सेमिनारचा. एकच प्रोटोकॉल आम्हा सगळ्यांना द्यायचे, प्रत्येकाने लेखी रिव्ह्यू आणायचा, मग दोन तास वादावादी. लंडनची २००६ ची टीजीएन-१४१२ ट्रायल तशीच घेतली होती. सहा निरोगी तरुणांना पहिल्यांदाच माणसात जाणारं औषध थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने दिलं, पहिल्याची प्रतिक्रिया दिसेपर्यंत बाकीच्यांनाही देऊन झालं होतं आणि सहाही जण आयसीयूत गेले. डोस किती यावर आम्ही सगळ्यांनी पानं भरली होती. दोन डोसमध्ये अंतर किती ठेवलंय हे एका नर्सशिवाय कुणीच विचारलं नव्हतं, कारण वेळापत्रकाचा तक्ता फक्त तिने उघडला होता. तेव्हापासून मी प्रोटोकॉल त्या तक्त्यापासून वाचायला लागतो, प्रस्तावनेपासून नाही.

म्हणून कुठलाही पैसेवाला कोर्स घेण्याआधी एकच विचारा: लेखी प्रोटोकॉल रिव्ह्यू करून घेतात का, आणि त्यावर कुणी लाल शाई फिरवतं का? नुसते व्हिडिओ असतील तर सोडून द्या.

प्रतिसाद ४

+१. हे घरच्या घरीही जमतं. कमिटीचे जुने प्रोटोकॉल घ्या, आधी स्वतःच्या शंका लिहा, मग त्या बैठकीचे मिनिट्स उघडा. मात्र अध्यक्षांची लेखी परवानगी घ्या, गोपनीयतेचा करार सचिवालयालाही लागू असतो. दुसऱ्या एखाद्या कमिटीत निरीक्षक म्हणून बसायला मिळालं तर सोडू नका. बाहेरच्या सदस्यांना, विशेषतः वैद्यकीय नसलेल्यांना, बोलायला किती वेळ मिळतो ते बघा, बरंच कळतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आरएसी बाद. त्री सुरू केलं आणि सिऑम्सचं अकरावं काल रात्री वाचून काढलं. नमुन्यांचं शंकापत्र पूर्ण बदललं. सहभागीला वेगळी सही करायला जागा, मुदत आणि माघारीची पद्धत, इतकंच मागितलंय. जुन्या मिनिट्ससाठी अध्यक्षांकडे अर्ज टाकते. मास्टर्स सध्या नाही, पण प्रतिसाद ३ मधला प्रश्न दोन डिप्लोमावाल्यांना मेल केला आहे. एकाने ब्रोशर पाठवलं, उत्तर नाही.

एक राहिलं. सॅम्पल साइझ, म्हणजे अभ्यासात किती लोक घ्यायचे. मुळात निष्कर्षच निघणार नाही इतका लहान अभ्यास असेल तर लोकांना त्रास तरी का द्यायचा, इतपत कळतं. पण तो परिच्छेद आला की माझे डोळे फिरतात. यासाठी काही?

प्रतिसाद १

कोर्स नको. कमिटीतल्या सांख्यिकीवाल्यांना गाठा आणि तोच परिच्छेद घेऊन बसा. तीन प्रश्न: अपेक्षित फरकाचा आकडा आणला कुठून, मधेच सोडून जाणारे किती धरलेत, आणि मुख्य निष्कर्षासाठी जी मोजणी करणार त्यावरूनच हे गणित केलंय का. तिसऱ्यात सगळ्यात जास्त सापडतात.