‘मनाने कमकुवत’ कोणाला म्हणायचे?

मुलुंडची मावशी : ‘ज्याला स्वतःची किंमत ठाऊक असते, त्याचे इन्स्टाग्राम काही बिघडवत नाही, त्रास होतो तो मनाने कमकुवत असणाऱ्यांनाच,’ हे काल येथील लेखात वाचलेले वाक्य मला रात्रभर सलत राहिले. माझी सोळा वर्षांची भाची वर्गात पहिल्या पाचांत असते. वाढदिवसाच्या फोटोला मैत्रिणीपेक्षा कमी लाइक मिळाले, म्हणून तिने तो अर्ध्या तासात काढून टाकला आणि रात्री ती जेवली नाही. तिला कमकुवत म्हणायचे का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात १४३ विद्यार्थी होते. त्यांपैकी ज्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणला, त्यांचा एकटेपणा तीन आठवड्यांत कमी झाला.

गिरगावकर : ते वाक्य माझेच आहे. त्याच प्रयोगात आत्मसन्मानात मात्र लक्षणीय फरक आढळला नव्हता, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. तुलना मोबाइलने आणलेली नाही. माणूस स्वतःला इतरांशी ताडून जोखतो, हा सामाजिक तुलनेचा सिद्धांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडला होता. दहावीला मला ५८ टक्के मिळाले, तेव्हा चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते विचारून घेतले आणि मी दोन दिवस खाली उतरलो नाही. तरीही उभा राहिलोच ना?

लालबागची लेक : चाळीचे दाखले पुरे झाले! माझ्या सावळ्या रंगावर आमच्या मजल्यावरच्या बायका मी दहा वर्षांची असल्यापासून माझ्यादेखत बोलत आल्या. तुम्ही उभे राहिलात. मला आजही फोटोत मागच्या रांगेत उभे राहावेसे वाटते. ‘आम्हीही सोसले’ हा युक्तिवाद नव्हे.

गिरगावकर : म्हणजे दोष चाळीचाही होता. मी तेच सांगत आहे. आपण उगाच चिडत आहात.

मुलुंडची मावशी : चिडण्यासारखेच आहे. मीही चाळीतच वाढले. ज्या शेजारणीच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले, तिच्या घरातली रात्रीची भांडणे आम्हांला भिंतीपलीकडून ऐकू येत, त्यामुळे तिचा हेवा फार काळ टिकत नसे. भाचीला दिसतात त्या फोटोंना पलीकडची बाजूच नाही, आणि दाराला कडी लावली तरी ते अंथरुणापर्यंत येतात.

गिरगावकर : भिंतीचा मुद्दा मला खोडता येत नाही. ‘कमकुवत’ हा शब्द मागे घेतो. मात्र भाचीचा मोबाइल काढून घेतल्याने तिचा आत्मसन्मान वाढेल, हे मला अजूनही मान्य नाही.

मुलुंडची मावशी : काढून घ्या, असे मी कुठेही लिहिलेले नाही. तो शब्द तेवढा मूळ लेखातूनही काढावा.