मदत हवी आहे: भाच्याच्या जॅकेटवरची कवटी

नमस्कार मंडळी. माझा १६ वर्षांचा भाचा परवा नवं काळं जॅकेट घालून आला. कॉलरवर दोन टोकदार विजा, बाहीवर कवटी आणि हाडं. "मावशी, गेममधलं आहे, भारी दिसतंय ना?"

त्या दोन विजा म्हणजे हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाची खूण. छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या कॉलरवर अशीच कवटी असायची. पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्या मित्राला तो सहज 'ग्रामर नाझी' म्हणतो, तेही असंच, ऐकून उचललेलं.

मी एकदम रागावले, तिथेच माझं चुकलं. "मग सिनेमात कसं चालतं? पंकवाल्यांनी घातलं तेव्हा?" असं त्यानं विचारलं, आणि प्रश्न खरा आहे. १९७०च्या दशकात लंडनच्या काही पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीत करणाऱ्या, कलाकारांनी मोठ्यांना डिवचायला नाझी स्वस्तिक मिरवलं होतंच. जर्मनीत ही चिन्हं मिरवणं गुन्हा आहे, पण कला, संशोधन, शिक्षणाला सूट आहे. २०१८पासून व्हिडिओ गेमनाही प्रत्येक गेम तपासून ती मिळू शकते. म्हणजे चिन्ह कुठे आणि कशासाठी वापरलंय हे महत्त्वाचं. मला हे कळतं, त्याच्या गळी उतरवता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी या वयाच्या मुलांशी हे बोललंय का? सुरुवात कुठून केलीत? आउशवित्झ छळछावणीचे फोटो थेट दाखवावेत, की आधी तिथून जिवंत सुटलेल्या एखाद्या माणसाची आठवण ऐकवावी? जॅकेट हिसकावून घ्यायचं नाहीये मला. त्यानं ते आपणहून काढावं, एवढंच वाटतं.