डेसिमल वापरूनही ०.१ चुकीचा का दिसतो?

प्रश्न: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, अचूक दशांश हिशेबासाठी असलेला डेसिमल हा प्रकार वापरून डेसिमल(०.१) लिहिलं, तरी ०.१००००००००००००००००५५५… असं लांबलचक शेपूट छापलं जातं. मग फ्लोट (पायथनमधला नेहमीचा दशांश आकडा) सोडून उपयोग काय?

उत्तर: अवतरणचिन्हं विसरलात. त्यांच्याशिवाय ०.१ आधी फ्लोट होतो, आणि बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) तो नेमका मावत नाही, जसा १/३ दशांशात मावत नाही. डेसिमल ती बिघडलेली किंमत जशीच्या तशी उतरवून घेतो. डेसिमल('०.१') असं स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या.

दुसरं उत्तर: डेसिमलमध्ये फ्लोट मिळवला तर टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची त्रुटी) येतो. हे चांगलंच आहे, गडबड तिथेच पकडली जाते. पूर्णांक मात्र बिनधास्त मिळवा. भागाकार मुळात २८ सार्थ अंकांपर्यंत होतो.

प्रश्नकर्ता: जमलं! पण '२.६६५' दोन दशांश स्थळांपर्यंत क्वांटाइझ (म्हणजे गोल) केल्यावर २.६६ येतंय, २.६७ का नाही?

उत्तर: मूळ सेटिंग राउंड_हाफ_ईव्हन आहे. आकडा बरोबर मध्यावर असला की तो सम अंकाकडे झुकतो. शाळेतली पद्धत हवी असेल तर क्वांटाइझला राउंडिंग=राउंड_हाफ_अप द्या. आणि कृपया प्रत्येक पायरीवर गोल करू नका. चुका साठत जातात. शेवटी एकदाच करा.