वजनरहित अवस्थेत उघड्या पन्हळीतून द्रव कसा वाहतो?

मृण्मयी, सोलापूर
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. आमच्याकडे उजनीच्या कालव्याचे पाणी जमिनीच्या उतारामुळे वाहते. अंतराळस्थानकात मात्र उतारच उरत नाही. मग एका बाजूने उघड्या असलेल्या पन्हळीतून तिथे द्रव वाहू शकतो का, आणि वाहिला तर तो उघड्या बाजूने बाहेर का पडत नाही?

निवृत्त प्राध्यापक
तिथे हे काम पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला आकसून धरणारा ताण, करतो. पृथ्वीवर पाण्याच्या बाबतीत साधारण पावणेतीन मिलिमीटरपेक्षा मोठ्या आकारात गुरुत्वाकर्षण त्यावर वरचढ ठरते. वजनरहित अवस्थेत ही मर्यादा राहत नाही. पन्हळीला अरुंद कोपरा असेल, तर द्रवाचा पृष्ठभाग तिथे आत वळतो, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि या फरकामुळे द्रव कोपऱ्याच्या कडेने पुढे सरकत राहतो. तोच ताण त्याला उघड्या बाजूनेही धरून ठेवतो. कॉन्कस आणि फिन या गणितज्ञांनी १९६९ मध्ये यासाठीची अट मांडली: स्पर्शकोन (द्रवाचा पृष्ठभाग भिंतीला ज्या कोनात भिडतो तो, द्रवाच्या बाजूने मोजलेला) आणि कोपऱ्याचा अर्धा कोन यांची बेरीज ९०° पेक्षा कमी हवी. स्वच्छ काचेवर पाण्याचा स्पर्शकोन शून्याजवळ असल्याने काटकोनी कोपराही पुरतो. स्पर्शकोन ७०° असेल, तर कोपरा ४०° पेक्षा अरुंद करावा लागतो.

द्रवगतिकी अभ्यासक
सरांच्या उत्तरात एक भर घालतो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वात विलक्षण भाग प्रवाहाच्या मर्यादेचा आहे. पंपाने द्रव ओढू लागलो की घर्षण आणि वाढता वेग यांमुळे प्रवाहाच्या दिशेने दाब घटत जातो आणि उघडा पृष्ठभाग अधिकाधिक आत खचतो. एका ठरावीक प्रवाहापलीकडे पृष्ठताणाला हा फरक पेलवत नाही. पृष्ठभाग कोसळतो आणि वायूचे बुडबुडे द्रवात ओढले जातात. जर्मनीतील ब्रेमेन आणि अमेरिकेतील पोर्टलंड येथील संशोधकांनी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेमका हाच प्रयोग केला. उपग्रहाच्या टाकीतील पातळ पात्यांच्या आधाराने इंधन निर्गमद्वाराकडे नेले जाते. त्यात वायू शिरला, तर इंजिनाचे काम बिघडते. म्हणून ही मर्यादा आधीच ठाऊक असावी लागते.

निवृत्त प्राध्यापक
मृण्मयी, यातला कोपऱ्याचा परिणाम तुम्हाला प्रयोगशाळेत पाहता येईल. दोन स्वच्छ काचपट्ट्यांच्या एका बाजूच्या कडा जुळवा, दुसऱ्या बाजूला मध्ये आगकाडी ठेवा आणि रबराने बांधून रंगीत पाण्यात उभ्या करा. फट जिथे अरुंद, तिथे पाणी उंच चढते आणि आगकाडीकडे वक्राकार उतरत जाते. हा चढ इथे पाण्याच्या वजनामुळे थांबतो, अंतराळात त्याला थांबवणारे वजनच नसते. रंग गडद घ्या, कारण जुळलेल्या कडेजवळ पाण्याचा थर फार पातळ असतो.