मदत हवी आहे: ग्रीन कार्डची मुलाखत, जन्मदाखल्यावर नावच नाही

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नेवार्कला आम्हा दोघांची ग्रीन कार्डची मुलाखत आहे. नवरा अमेरिकन नागरिक, मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्रच भरले होते. लग्नाला सव्वा वर्षच झालंय, त्यामुळे मंजुरी मिळाली तरी कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असेल हे माहीत आहे.

खरी धास्ती जन्मदाखल्याची. त्यात माझं नावच नाही! नावाच्या रकान्यात आडवी रेघ, पुढे ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. शाळा सोडल्याचा दाखला जोडलाय. आई आणि मोठ्या मावशीची प्रतिज्ञापत्रंही स्टॅम्प पेपरवर करून घेतली. मावशीने थरथरत्या हाताने सही केली, ती पाहून गलबलून आलं. एवढं पुरतं का? की गावच्या नगरपालिकेतून नाव लावून नवा दाखला घ्यावा? तो ताज्या तारखेचा असेल, त्यावरून शंका घेतील का?

दुसरं म्हणजे आम्ही सासूसासऱ्यांकडे राहतो. त्यामुळे एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून दाखवायला भाडेकरार नाही, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर. जोडखातं, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न आणि आरोग्य विमा आहे. सासऱ्यांचं पत्र नोटरी करून न्यावं का?

आणि दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले, असं कुणाच्या बाबतीत घडलंय का? नवरा तारखांना फार कच्चा आहे, साखरपुड्याचा दिवसही विसरतो. मला रात्र रात्र झोप नाही. ज्यांची मुलाखत अलीकडे झाली त्यांनी कृपया सविस्तर लिहा.