कंपनीच्या लायब्ररीतलं अख्खं पुस्तक स्कॅन करून सगळ्यांना देता येतं का?

मकरपुरा_लायब्ररी:
नमस्कार मंडळी, मी बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्याची टेक्निकल लायब्ररी सांभाळते. पंप डिझाइनचं एक परदेशी हँडबुक आहे, प्रत एकच आणि मागणारे तीसेक इंजिनीअर, त्यामुळे ते झेरॉक्स मशीनवर इतक्या वेळा पालथं पडलंय की आता कुठूनही उघडा, चौथा चॅप्टरच निघतो, शिलाई सुटून पानं हातात येतात. परवा साहेब म्हणाले, ताई एकदाचं अख्खं स्कॅन करून सर्व्हरवर टाका ना, लायब्ररीला कॉपीची सूट असतेच. मला पटत नाहीये, पण नाही म्हणायला हातात काहीतरी पाहिजे. दहा टक्के चालतं असंही ऐकलंय, खरंय का?

दांडियाबाजारकर:
ताई, बिनधास्त टाका, दिल्ली युनिव्हर्सिटीच्या फोटोकॉपी केसमध्ये 2016 साली हायकोर्टाने प्रकाशकांच्या विरुद्धच निकाल दिला होता की.

रावपुरा_काका:
दादा, ती केस वेगळी. तिथे शिक्षक-विद्यार्थी होते, अभ्यासक्रमाचे कोर्सपॅक, म्हणजे नेमलेल्या पुस्तकांतल्या निवडक पानांचे झेरॉक्स संच होते, आणि कायद्यात शिकवण्यासाठी केलेल्या कॉपीला वेगळं कलम आहे त्यावर तो निकाल उभा आहे, कारखान्याला तो लागू करता येत नाही.

ताई, तुमच्या साहेबांना 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 प्रिंट काढून दाखवा. लायब्ररीची सूट आहे, पण ती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक लायब्ररीला, तीसुद्धा पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर, आणि तेव्हाही तीनच प्रती, लायब्ररीच्या वापरापुरत्या. 2012 मध्ये जतन करण्यासाठी डिजिटल कॉपी ठेवायची मुभा आली तीही अशाच लायब्ररीला. तुमची लायब्ररी कंपनीची, पुस्तक बाजारात मिळतंय, मग यातलं काय लागू होतं सांगा. आणि दहा टक्के वगैरे आकडा आपल्या कायद्यात कुठेच नाही हो, हे मी इतक्या जणांना सांगून थकलोय. एखाद्याने स्वतःच्या अभ्यासाला चार पानं काढली तर ते खासगी वापरात बसू शकतं, पण तीस जणांसाठी सर्व्हरवर ठेवलेलं पुस्तक खासगी कसं म्हणणार? जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड लिहिलाय.

मकरपुरा_लायब्ररी:
काका, फार आभार, हेच हवं होतं मला. मग मार्ग काय? आणि आमच्याकडे जुनी पुस्तकं पण आहेत.

रावपुरा_काका:
दोन-तीन प्रती जास्त घ्या, तीस इंजिनीअरांच्या पगारापुढे पुस्तकाची किंमत ती काय. नाहीतर प्रकाशकाला ईमेल करा, किंवा दिल्लीची इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन फोटोकॉपीचं लायसन्स देते, त्यांना विचारा. जुन्याचं असं की लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची, म्हणजे 1960 मध्ये वारले असतील तर 2020 संपल्यावर पुस्तक मोकळं, ते खुशाल स्कॅन करा. छापल्याची तारीख नका बघू, लेखकाची बघा, दोन लेखक असतील तर शेवटी जो गेला त्याची.

सयाजीगंज_ई-जर्नल:
ऑनलाइन जर्नल असेल तर अजून एक, तिथे कायद्याआधी तुमचा करार वाचा, कुणाला आणि किती कॉपी देता येतील ते त्यातच असतं.

मकरपुरा_लायब्ररी:
बरं झालं सांगितलंत. हँडबुकच्या तीन प्रतींचं कोटेशन मागवलंय, आणि फाटलेली प्रत बाइंडरकडे पाठवलीय.